मागच्या चाकांचा ब्रेक, आपल्या अंगणात

मागच्या दोन वेळा आपण बचतगटाच्या हिशोबवहीबद्दल बोललो. आज गाडीबद्दल बोलायचं आहे. त्यातही गाडीच्या मागच्या चाकांतल्या ब्रेकबद्दल. तो घरी, अंगणात, आपल्या हातानं बदलता येतो का, कसा बदलायचा आणि कुठे हात थांबवायचा, एवढंच.

ऐकणाऱ्यांपैकी काही जणी म्हणतील, गाडी आहे कोणाकडे? तर आता गटांकडे गाड्या येताहेत. केंद्र सरकारच्या ग्रामविकास खात्यानं २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली. जिथे एसटी कमी येते, तिथे बचतगटाच्या बाईनं प्रवासी गाडी चालवावी, हा तिचा हेतू. कोणी त्या योजनेतून गाडी घेतली, कोणी बँकेच्या कर्जातून, कोणी जुनी विकत घेतली. आमच्या गटाची ईको आहे, जुनी, एमएच ३४ नंबरची. तिच्यावर दोघी जणी चालक आहेत. बाजाराच्या दिवशी माणसं, वेचणीच्या दिवसांत कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, आणि रात्री-अपरात्री १०८ यायला उशीर होतोय असं दिसलं की बाळंतपणाची बाईसुद्धा याच गाडीतून घाट उतरते.

घाट उतरते, हाच मुद्दा आहे. सपाट गावातल्या माणसाचा ब्रेक कमी लागू लागला तर तो हळूहळू गाडी चालवत गॅरेजला जातो. आपली जिवती पहाडावर. चांगलं गॅरेज, सुट्या भागांचं दुकान, लेथ मशीन हे सगळं गडचांदूरला किंवा त्याच्या पुढे राजुऱ्याला. म्हणजे ब्रेक दुरुस्त करून घ्यायला घाट उतरायचा, आणि घाट उतरायला ब्रेक हवा. ज्याचा ब्रेक गेला त्यानं गॅरेजपर्यंत जायचंच नाही, असा हा पेच. म्हणून आम्ही हे शिकलो. मजुरी वाचवण्यासाठी नाही. मजुरी काही फार वाचत नाही, आणि तेवढ्यासाठी कोणी ब्रेकला हात लावू नये असं आमचं मत आहे.

आधी ब्रेक असतो कसा ते पाहू. पुढच्या चाकांना बहुतेक गाड्यांत डिस्क असते, म्हणजे लोखंडी ताटली आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. मागच्या चाकात ड्रम असतो. ड्रम म्हणजे उपड्या पातेल्यासारखं ओतीव लोखंडाचं भांडं. ते चाकाबरोबर फिरतं. आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात, ते फिरत नाहीत. आपण पायानं ब्रेक दाबला की तेलाच्या दाबानं आतलं छोटं सिलिंडर त्या दोन चंद्रकोरींना बाहेर ढकलतं आणि त्या पातेल्याच्या आतल्या भिंतीला घासतात. पातेल्याच्या आत दोन्ही हात घालून पंजे बाहेर दाबले तर पातेलं फिरायचं थांबतं ना, तसंच. पाय काढला की स्प्रिंगा शूला परत आत ओढतात. हँडब्रेक ओढला की हेच शू एका तारेनं ओढून पसरवले जातात, म्हणून मागचा ब्रेक झिजला की हँडब्रेकही ढिला पडतो.

शूवर जे घासायचं अस्तर चिकटवलेलं असतं त्याला गॅरेजवाले लायनर म्हणतात. झिजतं ते हेच. आणि या अस्तराची गोष्ट एका बाईची आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जर्मनीत कार्ल बेंझनं पेट्रोलवर चालणारी मोटार बनवली, पण ती विकत घ्यायला कोणी तयार नव्हतं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी बाहेर काढून माहेरी निघाली, मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून लागेनासे झाले. तिनं एका गावात चपला-बूट शिवणाऱ्या कारागिराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची ही सुरुवात मानतात. आमच्या गावात कोणी विचारलं की बायकांना ब्रेकमधलं काय कळतं, तर आम्ही बर्थाबाईंचं नाव सांगतो. विचारणारा गप्प बसतोच असं नाही, पण ऐकून घेतो.

आता झिजलंय हे ओळखायचं कसं? हँडब्रेक ओढताना किती वेळा कट-कट वाजतं ते आपल्या चालकानं मोजत जावं. पूर्वी पाच-सहाला धरायचा तो नऊ-दहाला जाऊ लागला तर मागचे शू झिजले असण्याची शक्यता मोठी. ब्रेकचा पाय पूर्वीपेक्षा खोल जातो. पुढे बॉनेटखाली ब्रेक ऑइलची छोटी पांढरी टाकी असते, तिच्यातली पातळी हळूहळू उतरते. खर-खर असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर अस्तर पुरतं गेलं आणि आता शूची पट्टीच ड्रम खरवडते आहे. पावसाळ्यात रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला आवाज येतो, तो ड्रमवर चढलेल्या गंजाचा. तो लगेच जातो, त्याला घाबरू नये. पण मागच्या टायरच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला, किंवा ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाऊ लागली, तर त्या दिवशी गाडी घाटात न्यायची नाही. मग कोणाचा कितीही निरोप येवो.

हे बोलायला सोपं आहे. आमच्याकडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी चालक ताईनं सांगितलं की हँडब्रेक उताराला गाडी धरत नाही. सीट बुक झालेल्या होत्या, काहींनी पैसेही दिले होते. हप्ता जवळ आला होता. बैठकीत अर्ध्या जणी म्हणाल्या, एवढी एक फेरी होऊ द्या, खालीच जातोय तर येताना दुरुस्त करून आणू. एक मावशी, मराठवाड्यातून ७२ च्या दुष्काळात लहानपणी आईच्या कडेवर पहाडावर आलेली, ती म्हणाली, बैलाचा पाय दुखत असला तर आपण त्याला घाटाला जुंपतो का? त्यावर कोणी बोललं नाही. गाडीची किल्ली गटाच्या पेटीत, पासबुकाशेजारी ठेवली आणि कामाला सुरुवात सकाळी झाली. तेव्हापासून आमचा नियमच आहे: चालकानं ब्रेकची तक्रार केली की किल्ली पेटीत.

सामान काय लागतं? नवे ब्रेक शू चार नगांच्या सेटमध्ये येतात, दोन्ही चाकांचे मिळून. एकाच चाकाचे बदलायचे नाहीत. एक बाजू जास्त धरते, दुसरी कमी, आणि ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून, पक्कं बिल घेऊन आणावेत. पेटीवरचा नंबर बिलावर लिहून घ्यावा. वाहतुकीच्या गाडीवरून कोणीतरी मागवून घेता येतात, त्यासाठी आपली गाडी खाली न्यायला लागत नाही. बाकी जॅक, चाकाचा पाना, पक्कड, दोन पेचकस, लाकडी हातोडा, आठ मिलिमीटरचे दोन लांब बोल्ट, जास्त उष्णता सोसणारं थोडं ग्रीस, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. आणि साग किंवा बाभळीचा एक दणकट, सपाट ठोकळा. कपडे पंजाबी घालावेत किंवा साडी नीट खोचावी. पदर, ओढणी, मोकळी वेणी चालणार नाही. बांगड्या काढून ठेवाव्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या कामात जीव जातो तो ब्रेकमुळे नाही, जॅकवरून गाडी घसरल्यामुळे. आणि इथे ईकोसारख्या मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत एक गोम आहे. एरवी आपण गाडी उभी करताना हँडब्रेक ओढतो, नाहीतर गिअरमध्ये टाकतो. ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर आतले शू ड्रमला धरून बसतात. गिअर तरी गाडी धरेल का? तोही धरत नाही. मागची दोन्ही चाकं इंजिनला मधल्या एका गोळ्यातून जोडलेली असतात, त्याला डिफरन्शियल म्हणतात. वळणावर एक चाक कमी आणि एक जास्त फिरू देणं हे त्याचं काम. त्यामुळे एक चाक उचललं की ते हवेत मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गिअरमध्ये असूनही गाडी सरकू शकते. म्हणजे गाडीला धरून ठेवणारे फक्त पुढच्या चाकांखालचे ठोकळे. दोन्ही पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून, चारही ठिकाणी लाकडाचे पाचर किंवा मोठे दगड घट्ट बसवायचे. जागा सपाट आणि कडक हवी. आमच्या काळ्या मातीत पावसानंतर जॅक रुततो, म्हणून आम्ही शाळेसमोरचा सिमेंटचा ओटा मागून घेतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे. मग मागच्या दांड्याखाली जॅक लावून एकच चाक उचलायचं, आणि लगेच दांड्याखाली लाकडाचा ठोकळा किंवा लोखंडी घोडी सरकवायची. विटा ठेवू नका, त्या अचानक फुटतात. काढलेलं चाकही गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवावं. लहान मुलांना आणि बघ्यांना दूर ठेवायला एक बाई नेमावी. आम्ही खरंच नेमली होती, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त घसा तिचाच बसला.

चाक काढलं की ड्रम दिसतो. लाकडी हातोड्यानं कडेनं गोल गोल ठोकायचं, पुढे ओढायचा. गंजानं अडकला असेल तर ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन छिद्रं असतात, त्यांत ते आठ मिलिमीटरचे बोल्ट एक इकडे, एक तिकडे असे थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. लोखंडी हातोड्यानं मारलं तर ओतीव लोखंडाला तडा जातो. ही सोय ईको, ओम्नीसारख्या गाडीत. अल्टो किंवा वॅगन-आरमध्ये ड्रमच्या आतच बेअरिंग असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो, तो परत किती आवळायचा याचं माप असतं. ते काम आम्ही घरी करा म्हणत नाही. २०१९ नंतरच्या गाड्यांना एबीएस असतं, त्याची तार चाकाजवळून जाते, तिला धक्का लावायचा नाही.

ड्रम निघाला की काळी बारीक भुकटी खाली पडते. तिच्यावर फुंकर मारायची नाही. पूर्वी ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस घालत. ते फुप्फुसात गेलं की बाहेर निघत नाही, आणि पुढे वर्षानुवर्षांनी कर्करोगही होऊ शकतो. जुन्या किंवा स्वस्त मालात काय आहे हे बघून कळत नाही. म्हणून मास्क लावून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. त्याच फडक्यानं घर पुसू नये, हे सांगायला लागू नये, पण सांगतो. रॉकेल, डिझेलनं पुसू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि ब्रेक घसरतो.

आता हात थांबवा आणि मोबाइलवर फोटो काढा. सरळ, तिरका, जवळून. कोणती स्प्रिंग कुठे, कुठल्या छिद्रात, कोणत्या बाजूनं वळलेली. आणि दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक पूर्ण झाली की मगच दुसरी. एक तर न उघडलेली बाजू नमुना म्हणून राहते. दुसरं म्हणजे दोन शूच्या मध्ये जी आडवी पट्टी असते, झीज झाली की आपोआप लांबणारी, ती डाव्या आणि उजव्या चाकाची वेगळी असते. अदलाबदल झाली तर ती काम करत नाही.

शूला मागच्या पत्र्याशी धरून ठेवणारी एकेक क्लिप असते, ती पकडीनं दाबून खिळा पाव वळसा फिरवला की सुटते. वरची स्प्रिंग ताणलेली असते. ती उडते, म्हणून चष्मा. शू मोकळे झाले की हँडब्रेकची तार मागच्या शूवरच्या लोखंडी पट्टीतून सोडवायची. ती पट्टी आणि तिची छोटी क्लिप जुन्या शूवरून नव्यावर लावायची असते. जुने शू शेजारी ठेवून पाहिले तर एक जास्त झिजलेला दिसेल. तो पुढचा. फिरता ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो, दाराखाली पाचर आपोआप आवळत जाते तसा. अस्तर १ मिलिमीटरवर आलं की शू संपला. आम्ही २ राहिलं तरी बदलतो, कारण घाट.

आणि आता ती जागा, जिथे पुढे जायचं की थांबायचं हे ठरतं. वरच्या छोट्या सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबराची टोपी असते. तिची कड पेचकसच्या टोकानं हळूच उचलून पाहा. आत कोरडं असेल तर ठीक. ओलं असेल, तेल झिरपत असेल, तर काम इथेच बंद. सिलिंडर बदलायचं तर तेलाची नळी उघडावी लागते आणि नंतर हवा काढावी लागते. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पाय खोल जातो. ते शिकलेल्या हाताचं काम. मेकॅनिकला गाडीभाडं देऊन वर बोलवा. तेलानं भिजलेलं अस्तर पॉलिश पेपरनं घासून परत वापरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तेल आतपर्यंत मुरलेलं असतं. ड्रमच्या आतल्या भिंतीवर बोटाला लागतील अशा खोल रेघा असतील, तडा असेल, तरी तेच: ड्रम लेथवाल्याकडे पाठवायचा किंवा नवा घ्यायचा. लेथवर कितीपर्यंत घासता येतो ते माप ड्रमवरच कोरलेलं असतं.

हे सगळं चालू असताना ब्रेकच्या पायाला कोणी हात-पाय लावायचा नाही. ड्रम नसताना ब्रेक दाबला तर सिलिंडरमधले दट्टे बाहेर येतात आणि तेल सांडतं. आम्ही चालकाच्या सीटवर पाण्याची कळशी ठेवली होती, म्हणजे कोणी बसणारच नाही.

जोडणी उलट्या क्रमानं, फोटो बघत. मागच्या पत्र्यावर जिथे शू घासतो त्या उंचवट्यांवर ग्रीसचा अगदी बारीक थेंब लावायचा. अस्तराला ग्रीसचं बोट लागू द्यायचं नाही. नवं अस्तर जाड असतं, त्यामुळे ती आडवी पट्टी पूर्ण आखूड केल्याशिवाय ड्रम बसत नाही. ड्रम बसला की हातानं फिरवून पाहा. किंचित घासल्याचा आवाज चालतो, अडकायला नको. चाक लावायचं, नट समोरासमोरचे आवळायचे आणि गाडी खाली उतरवल्यावर परत घट्ट करायचे. दोन्ही बाजू झाल्या की सीटवर बसून ब्रेक वीस-पंचवीस वेळा दाबायचा. आतली पट्टी लांबत जाते आणि पाय वर येतो. मग हँडब्रेकचे कट मोजायचे. किती हवेत ते गाडीच्या पुस्तकात असतं. ब्रेक ऑइल टाकीच्या खुणेपर्यंत आहे का पाहायचं. टोपणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, तेच घालायचं. इंजिन ऑइल चुकूनही नाही, आतली रबरं फुगतात आणि सगळी ब्रेकयंत्रणा जाते.

पहिली चाचणी मैदानात, आत फक्त चालक. चालण्याच्या वेगानं जायचं, दाबायचं. मग थोड्या जास्त वेगानं. नवं अस्तर ड्रमच्या गोलाईला बसायला वेळ लागतो, तोपर्यंत ब्रेक कमीच धरतो. आम्ही दोन दिवस वरच्या वर, शेणगाव, पाटणच्या बाजूला रिकामी गाडी फिरवली, हळूहळू पंधरा-वीस ब्रेक मारले, मध्ये गार होऊ दिले. चाकाजवळ हात नेऊन पाहायचं, एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागलं तर तिथे शू अडकतो आहे. शिवाय आमची गाडी प्रवासी परवान्यावर असल्यामुळे पहिल्या खेपेला खाली गेल्यावर मेकॅनिकला ड्रम उघडून दाखवला. त्यानं एक क्लिपही हलवली नाही. म्हणाला, ताई, हे कोणी बसवलं? तिघींनी एकदम हात वर केले.

घाट उतरण्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण नवा ब्रेकही चुकीच्या चालवण्यानं जातो. सतत पाय ठेवून उतरलं तर ड्रम तापतो, तापून फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. अस्तरही तापलं की पकड सोडतं. वरून पाहता ब्रेक होता, मध्येच गेला असं वाटतं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेक दाबायचा आणि सोडायचा. पेट्रोल वाचवायला काही जण इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबण्यांत संपते आणि पाय दगडासारखा कडक होतो. आमच्या गाडीत हे करणाऱ्या चालकाची पाळी महिनाभर बंद, असा ठराव आहे, आणि तो लिहिलेला आहे.

जुने शू आम्ही फेकले नाहीत, बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलेत; नवीन चालकाला झिजलेलं अस्तर म्हणजे काय ते दाखवायला. हिशोबवहीच्या मागच्या पानावर तारीख, किलोमीटर, शूचा नंबर आणि दुकानाचं बिल चिकटवलं आहे. पुढची तपासणी दहा हजार किलोमीटरनं, नाहीतर मृगाच्या आधी आणि कापूस फुटायच्या आधी, जे पहिलं येईल तेव्हा. ज्या गटांकडे स्कूटी आहे त्यांनी विचारलं होतं की हेच स्कूटीला लागू पडतं का. बऱ्याच स्कूटींना मागे छोटा ड्रमच असतो, पण तो तेलावर नाही, तारेवर चालतो. ते काम पुष्कळ सोपं आहे. पुढच्या वेळी स्कूटी इथे केंद्रावरच आणतो आणि उघडता उघडताच बोलतो.